दिसत न्हाई, पण उतरून राह्यलंय

आमचे शेजारी खरातभाऊ लग्नाला जाताना आहेराच्या पाकिटासोबत स्वतःचं ताट घेऊन जातात. शहागडला माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी भर पंगतीत पिशवीतून स्टीलचं ताट-वाटी काढली, तेव्हा वाढपी चाट पडला आणि व्याही माझ्याकडे बघू लागले. शेजारच्या पाहुण्यापुढे प्लास्टिकच्या वाटीत कढत वरण होतं. त्याकडे बोट दाखवून खरातभाऊ हळूच म्हणाले, "दिसत न्हाई, पण उतरून राह्यलंय." पाहुण्याने वरणाला हात लावला नाही.

खाण्याच्या पदार्थांची पाकिटं, डबे, पिशव्या तपासायच्या, ही त्यांची जालन्यातल्या प्रयोगशाळेतली नोकरी. प्लास्टिकचा तुकडा तेलात नाहीतर आंबट पाण्यात बुडवून काही दिवस उबेला ठेवायचा आणि मग ते तेल-पाणी मशीनला लावायचं. प्लास्टिकमधलं काही त्यात उतरलं असेल, तर पडद्यावरची रेघ सुळक्यासारखी वर चढते. हे सगळं ते अगदी शांतपणे सांगतात. त्यांच्यापायी आमच्या घरात भीती कायमची वस्तीला आली. बायकोने निम्मे डबे भंगारात घातले. टपरीवरून पिशवीत चहा आला की मी नको म्हणतो. मुलगी लहानपणी दुधाची बाटली चावायची, हे वर्गात शिकवताना मध्येच आठवतं आणि फळ्यावरचं वाक्य अर्धंच राहतं.

एका बाबतीत मात्र हा माणूस पक्का चिकट. त्यांची आई दर उन्हाळ्यात घनसावंगीहून जीपवाल्याच्या हाती कैरीचं लोणचं पाठवते. त्यातली फोड त्यांनी कधी कुणाला दिली नाही, बायकोपोरांनाही नाही. डबा कपाटात आणि किल्ली खिशात. लोणच्याला कुलूप लावणारा माणूस म्हणून गल्लीत आम्ही त्यांना मनसोक्त हसलो.

परवा दुपारी गेलो, तर ते एकटेच जेवत होते. डबा समोर उघडा होता. जुना, पिवळट पडलेला, प्लास्टिकचा. मी बघतच राहिलो. आंबट, खारट आणि वर तेल, प्लास्टिकला यापेक्षा वाईट सोबत नाही, हे मला यांनीच शिकवलेलं.

"हा तपासला का?" मी विचारलं.

"न्हाई, सर. हिंमत न्हाई झाली."

डबा त्यांच्या पहिल्या पगारातला होता. चिनी मातीची बरणी जीपमध्ये फुटते, म्हणून त्यांनीच तो आईला नेऊन दिला होता. आई स्वतः बरणीतलं खाते, पण लेकाला पाठवायचं ते लेकाने दिलेल्या डब्यातूनच. नंतर दिलेला स्टीलचा डबा तिने नवाकोरा जपून ठेवलाय. मी म्हणालो, एकदा तिला सांगून टाका, नाहीतर हे लोणचं फेकून तरी द्या. त्यांचा घास हातातच राहिला.

"फेकू कसं? या वयात तिनं हातानं कैऱ्या फोडल्यात. अन् सांगितलं, तर इतकी वर्षं लेकराला काय चारलं, याचा घोर घेईल ती. मंग पोरायला न्हाई देत. मी एकटाच संपवून राह्यलो."

इतका हसलो होतो, त्याची लाज वाटली आणि या माणसाची फार काळजी वाटली. एखादी फोड तरी वाटून घ्यावी म्हणून मी हात पुढे केला, तर त्यांनी डबा आपल्याकडे ओढून घेतला.

तेवढ्यात आईचाच फोन आला. पोरांनी लोणचं खाल्लं का, असं ती विचारत होती.

"समद्यांनी खाल्लं, आई," खरातभाऊ म्हणाले. "संपत आलं. अजून पाठव."