अर्ध्या पत्र्याचा परिसंवाद

विठ्ठलवाडीच्या एका चाळीत राहणाऱ्या मीराबाईंनी मे महिन्यात आपल्या घराच्या पत्र्यावर चुना मारायला घेतला. दुपारी घराची भट्टी व्हायची आणि लकव्याने कॉटला खिळलेले त्यांचे यजमान कुंडलिकराव आत भाजून निघायचे. अर्धा पत्रा पांढरा झाला, तोवर शिडी ज्याची होती त्या रंगाऱ्याला कळव्याला काम लागलं आणि तो शिडी घेऊन गेला. म्हणून मीराबाईंनी प्रभाग कार्यालयात एका दिवसासाठी शिडी मागणारा अर्ज दिला. घर थंड राहावं, हे कारणही प्रामाणिकपणे लिहिलं. तिथेच त्या फसल्या.

कार्यालयात हवामान बदल कक्ष होता. कक्षप्रमुख सुदेश यांच्याकडे टेबल, पाटी आणि एसी होता. अर्ज मात्र वर्षभरात एकही आला नव्हता. त्यांनी हा अर्ज उभं राहून स्वीकारला. हवामानाचा विषय म्हणजे धोरण, धोरण म्हणजे सार्वजनिक चर्चा, आणि चर्चा संपेपर्यंत परिस्थिती जैसे थे. उरलेल्या पत्र्याला हात लावू नये, अशी नोटीस मीराबाईंच्या दारावर लागली.

चर्चेला दुसरी बाजू हवी. चुन्याला कुणाचाच विरोध नव्हता, तेव्हा सुदेशनी विरोधकासाठी जाहिरात दिली. समोरच्या टॉवरमधले एक निवृत्त गृहस्थ पुढे आले. आमच्या लहानपणीही ऊन होतंच, शिवाय पांढऱ्या पत्र्यावरचं ऊन आमच्या बाल्कनीत येतं, असं त्यांचं म्हणणं. एका ऊर्जातज्ज्ञाने तिसरी बाजू शोधली: घर थंड झालं तर पंखा कमी फिरेल, विजेची मागणी घटेल आणि मंजूर झालेला ट्रान्सफॉर्मर हातचा जाईल. दरम्यान मीराबाईंनी यजमानांची कॉट पांढऱ्या झालेल्या अर्ध्या पत्र्याखाली सरकवली. कक्षाने त्याची नोंद 'हवामानामुळे झालेलं स्थलांतर' अशी केली.

परिसंवाद कल्याणच्या एका सभागृहात झाला. एसी असा सोडला होता, की वक्ते सत्काराच्या शाली पांघरून बसले. कार्यालयाची शिडी फलक लावायला तिथेच आली होती. मीराबाईंना बोलायला दोन मिनिटं मिळाली.

"साहेब, पत्रा माझा, चुना माझा, चढणारपण मीच. ती शिडी तेवढी द्या, उद्या आणून देते. यांना आता सहन होत नाही हो."

"पटतंय ना, मावशी," सुदेश म्हणाले. "पण पटलं म्हणून लगेच केलं, तर चर्चा कशाला ठेवली आपण?"

टाळ्या पडल्या. लाज वाटते, पण श्रोत्यांत बसून मीही वाजवल्या. मग नागरिकांची मतं मागवण्याचा ठराव झाला. इथवर वाचताना तुम्हाला मीराबाईंची दया आली असेल, सुदेशचा रागही आला असेल. दोन्हींची नोंद कक्षाने 'लोकसहभाग' म्हणून घेतली आहे. तुमच्या या भरघोस प्रतिसादामुळे चर्चेची मुदत पुढच्या मेपर्यंत वाढली असून, मीराबाईंना तसं लेखी कळवलं आहे.