कॅमेऱ्यासमोर माझी मर्जी

माझ्या गुडघ्याचा निर्णय मी स्वतः घेतला, हे आधीच सांगून ठेवतो. परळच्या एका खाजगी हॉस्पिटलात गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती आणि पेशंटची एकच जागा उरली होती. गुडघा वाकत नाही म्हणून चाळीच्या भजनात मला खुर्ची देतात. सगळे सतरंजीवर आणि मी वर, उद्घाटनाला आलेल्या नगरसेवकासारखा! मला पुन्हा खाली, टाळकऱ्यांत बसायचं होतं.

करी रोडचे आमचे तीन मजले उतरलो तेव्हा बायको, अंबिका, सोबत होती. फाइल तिच्याकडे, पाण्याची बाटली तिच्याकडे, आणि माझा हात तिच्या खांद्यावर.

डॉक्टर रुपालींनी समजावलं, संमती कॅमेऱ्यासमोर द्यायची असते आणि ती स्वतःच्या मर्जीची लागते. मी भांग पाडून बसलो.

"काका, तुमच्यावर कुणी दबाव आणला का?"

"नाही," मागून अंबिका म्हणाली.

पुन्हा शूटिंग. या खेपेला ती गप्प राहिली, पण उत्तराआधी मीच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कॅमेऱ्यात माझा नुसता कान आला. मग तिला बाहेर बाकावर बसवलं. दार लागलं आणि माझं बाजारात हात सुटलेलं पोर झालं.

"मग काका, भाग घेणार ना?"

"हो... म्हणजे, तिला विचारून सांगतो."

डॉक्टरांनी कॅमेरा बंद केला. ही मर्जी काही धरता येणार नाही, म्हणाल्या. झालं, जागा गेली.

अंबिकाला आत बोलावलं. ती भिंत धरून उठली, दार धरून आत आली, टेबल धरून बसली. मी माझी बाजू मांडत होतो, पण डॉक्टर तिच्याकडेच बघत होत्या. त्यांनी तिचा एक्स-रे काढायला लावला. दोन्ही गुडघे माझ्यापेक्षा झिजलेले!

पुढच्या मंगळवारी कॅमेऱ्यासमोरच्या त्याच खुर्चीत ती बसली. बाहेर बाकावर मी.

"काकू, घरी विचारलंत?" आतून ऐकू आलं.

"कशाला? गुडघे माझे आहेत."

एका दमात शूटिंग संपलं.

परतताना फाइल मी घेतली, बाटलीही मी घेतली. चाळीच्या जिन्यापाशी धीर करून विचारलं, "किती दिवस दुखतायत गं?"

"चार वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

तिने कठड्याला हात घातला, पहिली पायरी चढली.

"तुमचं कण्हणं संपलं की सांगणार होते."