फळीच्या वीतभर आधी

बबन उडी मारण्याआधी फळीच्या पाया पडायचा. मैदानाच्या नाही, मारुतीच्याही नाही, फळीच्या. वाकून तिला हात लावायचा, तो हात कपाळाला टेकवायचा, मागं जाऊन धाव घ्यायचा आणि एवढा मान दिलेल्या त्या फळीवर पाय न देताच उडायचा. दर वेळी बरोबर वीतभर आधी.

तिहेरी उडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो. लांबून पळत यायचं, जमिनीत पुरलेल्या पांढऱ्या फळीवर पाय देऊन उडायचं, त्याच पायावर उतरायचं, तिथून दुसऱ्या पायावर लांब ढांग टाकायची आणि मग वाळूत झेप. पाय फळीच्या पुढं गेला की उडी बाद. मागं पडला तर चालतं, पण मोजणी फळीपासूनच. म्हणजे बबन प्रत्येक उडीला वीतभर अंतर फुकट सोडून द्यायचा.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, दुष्काळाच्या दिवसांतली गोष्ट. श्रीगोंद्याच्या आमच्या हायस्कुलात बबन मध्येच येऊन दाखल झाला. आईबाप पाथर्डीकडचे, ऊसतोडीला आलेले. त्यांची टोळी साखर कारखान्याजवळ उतरली होती आणि बबन तिथल्या कोपीतून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून, चालत शाळेत यायचा. चालत म्हणतो खरा, पण निम्मा रस्ता लंगडीवर. त्याची सगळी मोजमापं उड्यांची. "बाजार किती लांब रे?" विचारलं तर म्हणे, "लंगडी घातली तर पोटरी भरंल येवढा." आणि एक वाक्य त्याच्या तोंडात कायम: "जागा लई हाय." बाकावर चौघं कोंबून बसलेले असले तरी हा पाचवा, "सरका की, जागा लई हाय." वाळूत पडला की उठताना पुढच्या काठाकडं बघायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "अजून जागा लई हाय."

सराव तो आमच्याच रानात करायचा. उसासाठी नुकत्याच सऱ्या पाडलेल्या, मधे मऊ मातीचे वरंबे. हा वरंब्यावरून वरंब्यावर, मधल्या सऱ्या गाळत, लंगडी, ढांग, झेप. वडील काठी घेऊन धावले आणि बांधावरच थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "आरं, ह्याच्या पायाखाली वरंबा मोडंना."

मीही तिहेरी उडी मारायचो. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, मला येते.

आमच्या ढवळे सरांनी बबनच्या त्या वितीचा ध्यासच घेतला. आधी त्यांना वाटलं पोराला दिसत नाही, म्हणून चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदारानं सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगितली, तर बबननं त्याखालचं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. मग सरांनी धाव सुरू करायच्या खुणेचा दगड गुपचूप पुढं सरकवला. बबननं शेवटच्या पावलांत काय केलं देव जाणे, पाय पडला तो फळीच्या वीतभर आधीच. फळीवर नेमका पाय पाडायला आम्ही महिनोन्‌महिने घालवत होतो. फळीच्या वीतभर आधी, दर वेळी त्याच जागी पाय पाडणं किती अवघड असेल, याचा विचार मी पुष्कळ नंतर केला.

"अरे शहाण्या," सर कळवळून म्हणायचे, "फळी तूच आणलीस आणि तूच पाय देईनास?"

ते खरं होतं. जुन्या फळीला वाळवी लागली तेव्हा सरांनी वर्गात विचारलं होतं, कुणाकडं बाभळीचं चांगलं लाकूड आहे का. दुसऱ्या दिवशी बबन डोक्यावर फळी घेऊन हजर. दर शनिवारी तिला चुनाही तोच लावायचा. एकदा चुन्यावर हळदीचं बोट उमटलेलं दिसलं.

"पाथर्डीकडं फळी दिसली की उंबरा समजतात," मी म्हणालो. उंबऱ्यावर पाय देऊ नये हे घराघरांत शिकवलेलं, त्यामुळं सगळे पोट धरून हसले. बबनचं नाव 'उंबऱ्या' पडलं. विनोद माझा. शाळेच्या मेळाव्यांत तो अजून सांगतात, आणि सर गेले, ती फळी गेली, तरी मी तो ऐकून हसत आलो. म्हणून आता हे लिहितो आहे.

बबनला मात्र हसण्यावारी नेण्याची चैन नव्हती. हंगाम संपला की टोळी हलणार होती. जिल्ह्यात नंबर काढेल त्याला बोर्डिंगात फुकट ठेवून घेऊ, असं हेडमास्तरांनी सांगितलं होतं. आणि बाप म्हणाला होता, "जागा मिळाली तर शिक. न्हाईतर कोयता हाय."

तालुक्याच्या स्पर्धा आमच्याच मैदानावर झाल्या. जिल्ह्याला दोघं जाणार होते. बबननं फळीला हात लावला आणि वीतभर आधी उडाला. फळीपासून मोजलं तेव्हा मी पहिला आलो, तो दुसरा. शाळेच्या फलकावर अजून तसंच आहे. पायापासून मोजलं असतं तर पहिला बबन होता.

जिल्ह्याच्या स्पर्धा भिंगारला. तिथली फळी रंधा मारलेली, तेलरंगाची. सर बबनच्या कानाशी लागले, "इथं वीत सोडलीस तर कोयता, लक्षात ठेव."

बबन वाकला नाही. हातही लावला नाही. मला वाटलं, घाबरला. तो धावत आला, फळीवर धाडकन पाय आपटला, आणि पुढचं मला नीट सांगता येत नाही. जमिनीनं त्याला दोनदा नुसतं शिवून सोडलं. सकाळपासून कुणी विस्कटली नव्हती अशा वाळूत तो जाऊन पडला. पंचांनी टेप लावली, एकमेकांकडं बघितलं, पुन्हा लावली.

परतीच्या एसटीत सर पुढं घोरत होते. बोर्डिंगचं पक्कं झालं होतं. मी विचारलं, "उंबऱ्या, तिथं पाय दिलास की! मग आपल्या फळीवर का देत नाहीस?"

"ती फळी न्हाई पाटला, उंबराच हाय. आमचा."

मी त्याच्याकडं वळलो.

"दुष्काळात भित बसली. वासे मामानं नेले. उंबरा आईनं गाडीवर टाकला. पर कोपीला दारच न्हाई, लावायचा कुठं? कुनीतरी चुलीत घातला असता. सरांनी लाकूड मागितलं, म्हनलं ऱ्हाईल हितं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सरांना बोलू नको. उपटून परत देतील. मी कुठं ठिवू?"

"मग उडी मारताना..."

"घरात जातो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खुशीत होते. "बबन, आता भीड चेपली ना? दे पाय!" बबन वाकला, हात लावला, कपाळाला टेकवला, आणि वीतभर आधी उडाला. सरांनी शिट्टी भिरकावली.

मग माझी पाळी. मी धावलो. पांढरी फळी जवळ आली, आणि माझा पाय काही तिच्यावर पडेना. जमेल तिथून, कसाबसा, तिच्या आधीच उडालो.

"पाटील, तूसुद्धा?" सर ओरडले. "साथ आहे का काय ही?"

मी वाळूत धडपडलो. काठावर पाय सोडून बसलेला बबन माझ्याकडं बघत होता. मग तो जरा बाजूला सरकला.

"ये," म्हणाला. "बस. जागा लई हाय."