हिंदुराव आबांचे जागे रुपये

दिवाळीच्या आधी लोकांकडे रंगारी येतो, जुन्या पेपरवाला येतो. आमच्याकडे शेजारचे हिंदुराव आबा येतात आणि चप्पल काढायच्या आधीच विचारतात, "वैनी, रुपयं पुसलं न्हाईत न्हवं?"

लक्ष्मीपूजनाचे चार-पाच चांदीचे रुपये आमच्याकडे आहेत. आबा ते खिडकीशी नेतात, एकेक नाकाला लावतात आणि डोळे मिटून वास घेतात. मग खिशातून भिंग निघतं. त्या वेळी त्यांचा चेहरा असा काही होतो, की आमचं मांजर मुकाट्याने खोलीबाहेर जातं.

आबा मूळचे कडेगावकडचे. पलटणीतून रिटायर झाले आणि सांगलीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. लग्न केलं नाही. छाती अजून परेडची आणि आवाज तर गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. फक्त जुन्या रुपयासमोर हा माणूस कुजबुजतो.

"काळे पडलेत हो," आमची सौ. एकदा म्हणाली. "चिंचेनं घासून टाकते."

"काळा न्हाई त्यो," आबा दबक्या आवाजात म्हणाले. "जागा हाय. पुसला की मेला."

तेव्हापासून सौ. अंधार पडल्यावर त्या डब्याला हात लावत नाही.

आबांना नाण्यावरचा प्रत्येक डाग, प्रत्येक ओरखडा वाचता येतो. हिरवट ठिपके दिसले की, "ओल्या भिंतीत पुरून ठेवला हुता." कडेला तांबूस दिसलं की, "कुकू बसलंय, देवातला हाय." इथवर ठीक होतं. एकदा त्यांनी आमच्यातल्या एका रुपयाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"हितं कडी जोडली हुती. कुनीतरी गळ्यात घालत हुतं. मग उपटून काढली. खुशीनं न्हाई काढली, गड्या. कड फाटलीया बघ."

आजोबा गेले त्या दिवशी आजीच्या गळ्यातली रुपयांची माळ भाऊबंदांनी ओढून काढली होती. ही गोष्ट आमच्या घराबाहेर कधी गेली नव्हती. आबा मात्र रुपया ठेवून चहा पीत होते.

हळदीच्या पेठेतल्या एका शेठजींची गोष्ट तर गावभर झाली. घर असं सोवळ्यातलं की लसणीलाही बंदी. शेठजींनी कुठूनसा काळाभोर 'पुराणा' रुपया महागात आणला आणि थेट देव्हाऱ्यात ठेवला. आबांनी वास घेतला.

"शेटजी, ह्येला अंडं लागलंय."

उकडलेल्या अंड्याबरोबर डबीत कोंडला की नवा रुपयाही दिवसात म्हातारा होतो म्हणे. "ह्यो जागा न्हाई, जागं असल्याचं सोंग करतोय," आबांनी निकाल दिला. शेठाणीबाईंनी त्या दिवशी देव धुतले, देव्हारा धुतला आणि संध्याकाळी शेठजींनाही डोक्यावरून आंघोळ करायला लावली.

मी सगळं हसण्यावारी नेत होतो. मग एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं. सगळे गाद्या, गॅस, टीव्ही माडीवर चढवत होते आणि आबा एक डबी छातीशी धरून जिन्यात उभे होते. माडीवर आल्यावर मी विचारलं तेव्हा त्यांनी डबी उघडली.

आत एकच रुपया. सगळा निळसर काळा, फक्त राजाच्या चेहऱ्यावर एक फिकट डाग, दोन्ही टोकांना निमुळता. तो उघडा डोळा वाटला मला.

"आईच्या डब्यात दोन रुपयं हुतं," आबा म्हणाले. "एकावर एक, निम्मं सरकून. वर्सानुवर्सं. आई म्हनायची, काळं न्हाईत ती, जागं हाईत, पुसायची न्हाईत. वरच्यानं झाकलं तेवढं ह्येचं उजळ ऱ्हायलं. वरचा शालननं न्हेला."

शालन त्यांची धाकटी बहीण. आबा सीमेवर असताना तिनं जातीबाहेर लग्न केलं. वडिलांनी तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं बजावलं. आबा सुट्टीवर आले तेव्हा ती कुठल्या गावी गेली हेही सांगायला कोणी तयार नव्हतं.

"तिच्या रुपयाला बी खालच्या अंगाला आसाच डाग असनार. कवातरी, कुनाच्यातरी घरात हाताला लागंल. पर कुनी घासला तर? मी कसा वळखू रं?"

इतकी वर्षं हा माणूस चिंचेच्या मुळावर का उठला होता ते मला त्या पाण्यात कळलं. मला फार वाईट वाटलं.

परवा दिवाळीच्या तोंडावर ऑफिसच्या कामाने साताऱ्याला गेलो होतो. तिथल्या ऑफिसातले आमचे शिर्के चहाला घरी घेऊन गेले. त्यांच्या मिसेस चांदीची भांडी घासत बसल्या होत्या. एक काळा रुपया मात्र बाजूला ठेवलेला.

"हा राहिला," मी सहज म्हणालो.

"तो नाही पुसायचा. सासूबाई हात लावू देत नव्हत्या. म्हणायच्या, काळा न्हाई त्यो, जागा हाय. आता त्या गेल्या, तरी माझं धाडस होत नाही."

मी कपबशी खाली ठेवली. रुपया उचलून उलटा केला. मागच्या बाजूने तोच डोळा माझ्याकडे बघत होता.

"आईंचं नाव?" मी शिर्क्यांना विचारलं.

"शालन. माहेरचं मात्र कधी काही बोलली नाही."

दोन दिवसांनी आबांना घेऊन गेलो. एसटीत ते ताठ बसून होते. ती गेली हे मी निघतानाच सांगितलं होतं.

शिर्क्यांच्या घरात आबांनी भिंग काढलं नाही. वासही घेतला नाही. आपला रुपया पाटावर ठेवला, तिचा त्यावर ठेवला आणि अंगठ्याने हळूहळू सरकवला. फिकट डाग पुरता झाकला गेला. शिर्के "मामा" म्हणत पाया पडले, तेव्हा आबांनी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ बघत राहिले.

मग आत वळून हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, घरात चिंच हाय का?"

"चिंच? कशाला मामा?"

"दोगं बी पुसतो. लय वर्सं जागली गं पोरी. झोपू दे आता."