वन्स मोअर न मिळालेली तबकडी

तळघर रेकॉर्ड्स कंपनीची पहिली तबकडी गाणं संपलं की वन्स मोअरची वाट बघायची, आणि तो मनासारखा मिळाला नाही तर रुसून बसायची. एकदा रुसली की कितीही वेळा लावा, नुसती पेटी वाजायची. गळा गप्प.

कंपनी अमेरिकेतली, क्लीव्हलंड शहरातली, आणि नावाप्रमाणे खरोखरच भालचंद्र रेग्यांच्या घराच्या तळघरातली. एवढ्या बड्या बड्या कंपन्या त्या देशात असताना या गृहस्थाला स्वतःची काढायची हौस! आठवडाभर पोलादाच्या कारखान्यात नोकरी, आणि शनिवार-रविवार खाली ध्वनिमुद्रण. शालनने, म्हणजे त्यांच्या बायकोने, तळघरातल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडून जागा करून दिली होती, पण बजावून. "चालली तर चालली. नाही चालली तर माझ्या दोऱ्या होत्या तशा बांधून द्यायच्या."

पहिल्या तबकडीत गायल्या होत्या उमाबाई, शालनच्या आई. सहा महिने लेकीकडे राहायला आलेल्या. तरुणपणी त्यांनी संगीत नाटकांत कामं केली होती आणि गळा अजून खणखणीत होता. रेग्यांनी तळघरात सतरंजी अंथरली, गावातली मराठी मंडळी जमवली आणि मशीन सुरू केलं. गाणं असं काही रंगलं की संपताच मंडळींनी वन्स मोअरचा गजर केला. उमाबाईंनी पदर सावरला, पुन्हा सूर लावणार, एवढ्यात टेप वाचावी म्हणून रेग्यांनी खटकन बटण दाबलं. उमाबाई उठून वर गेल्या. तबकड्या छापून दुकानांत गेल्या.

अमेरिकन माणूस बिचारा सज्जन. गाणं संपलं की तो शांतपणे उठतो आणि तबकडी उलटी करतो. त्यामुळे घरोघरी तबकड्या रुसल्या, आणि दुकानदार वॉल्टर परत आलेले खोके घेऊन स्वतः रेग्यांच्या दारात उभा राहिला.

"मिस्टर रेगे, माल उत्तम आहे," तो म्हणाला. "फक्त नाराज आहे."

"गाणं संपल्यावर वन्स मोअर म्हणायचं असतं."

"म्हटलं ना. शब्द आमच्याच भाषेतले, जमले. माझ्या बायकोने तर 'आपण दमला नसाल तर' असंही जोडलं."

"मग?"

"मग पेटीसुद्धा थांबली."

खोके तळघरात रचून वॉल्टर गेला. उमाबाईंचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. रात्री जेवताना शालनने दोऱ्यांचं भेंडोळं आणून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"लोकांनी कितीही ओरडून काय उपयोग, जावईबापू," उमाबाई भात कालवत म्हणाल्या. "ज्याने द्यायला हवा होता त्याने कुठे दिला?"

"आई, मी मशीनपाशी होतो."

"तेच म्हणते. मंडळींनी वन्स मोअर दिला आणि तुम्ही बटण दाबलंत."

रेगे आमटी भुरकायचे थांबले. आपल्याकडे रुसायचा मान जावयाचा. इथे सासूबाई रुसल्या होत्या, आणि त्याही छापलेल्या प्रत्येक प्रतीत. पण ओठांवर आलेला सूर आपण कापला, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. ताट तसंच टाकून ते खाली गेले, एक तबकडी लावली आणि मशीनपाशी न थांबता सतरंजीवर मांडी घालून बसले. पेटी वाजली, संपली. आणि ज्या माणसाने जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, त्याने असा काही वन्स मोअर दिला की वर शालनच्या हातातलं झाकण पडलं.

तबकडी ढिम्म. पण जिन्यात पावलं वाजली.

"आता मशीन लावा," उमाबाई म्हणाल्या. "आणि बटणापासून लांब बसा."

त्या गायल्या. रेग्यांनी वन्स मोअर दिला, त्यांनी पुन्हा म्हटलं. टेप संपली तरी रेगे देताहेत आणि त्या गाताहेत. मधेच कधीतरी खोक्यांतल्या तबकड्यांनीही मागून सूर धरला. शालन दोऱ्यांचं भेंडोळं घेऊन गेली आणि कपाटात ठेवून आली.

उमाबाई परत गेल्यावर आठवड्याभरात वॉल्टरचा फोन आला. खोके पुन्हा त्याच्याकडे गेले होते.

"मिस्टर रेगे, सगळ्या गाताहेत. दुकानाबाहेर रांग आहे. एकच अडचण. बायकोने सकाळी एकदा वन्स मोअर म्हटलं, तेव्हापासून आमच्या घरची तबकडी थांबतच नाहीये. थांबवायला काय म्हणायचं?"

रेग्यांनी शालनला विचारलं. "चहा झालाय म्हणावं," ती म्हणाली.

वॉल्टरने तिकडे खोलीत तसं जाहीर केलं. गाणं थांबलं. मग वॉल्टरने दबक्या आवाजात विचारलं, "तबकडीतून साखर किती म्हणून विचारताहेत. काय सांगू?"