टोमण्याचा सत्कार

"वाचू नका म्हणलं तर तेच पान उघडायलाव!" चहाचा कप पुढे सरकवत गुरम्मा नवऱ्यावर खेकसली.

शरणप्पा ती बातमी पाचव्यांदा वाचत होता. 'लुंबिनीच्या सुस्त खेळाने उदगीरचा घात!' लातूरच्या खो-खोच्या अंतिम सामन्यात लुंबिनीचा पाय पहिल्याच डावात मुरगळला होता, तरी ती अडीच मिनिटं पळाली होती. शरणप्पा स्वतः तिथं ओरडून घसा बसवून आला होता; बातमी लिहिणारा मात्र तिथं फिरकलाच नव्हता. आपल्या कापडाच्या दुकानात अजूनही तो गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलत होता.

सोमवारी बातमी आली आणि लुंबिनीने मैदान सोडलं. सरावाला सगळ्यांच्या आधी येणारी पोर गुरुवारपर्यंत फिरकली नाही, आणि रविवारी तर विभागाच्या संघाची निवड! चौथीत असल्यापासून शरणप्पाने तिला पळताना पाहिलं होतं. घरात लेकरू नव्हतं. जो काही जीव होता तो संध्याकाळी मैदानाच्या कडेला जाऊन बसायचा.

"निवेदन दिलं तर टोपलीत जातंय," शेजारचे निवृत्त भागवत सर म्हणाले. "आपण त्या वार्ताहराचा सत्कारच करू. शाल, श्रीफळ, फेटा! असा टोमणा बसला पाह्यजे की गडी मान वर करणार न्हाई."

शरणप्पाला हे फार आवडलं. 'सामना न बघता बातमी लिहिण्याच्या थोर कलेबद्दल' हे वाक्य त्याने आरशासमोर घोकून घोकून पाठ केलं. दुकानातला चांगल्यातला फेटा घेतला. टोमणा असला तरी कापड हलकं द्यायला मन धजलं नाही.

वार्ताहर रविकिरण एका खोलीच्या कार्यालयात एकटाच बसला होता. शाल पाहताच तो उठला आणि थेट शरणप्पाच्या पाया पडला.

"अकरा वर्षं झाली, मामा, दुसऱ्याचे सत्कार छापायलो. मला कुणी साधा नारळ दिला न्हाई." त्याचे डोळे भरून आले होते.

झालं! पाठ केलेलं वाक्य शरणप्पाच्या बसलेल्या घशातच बसून राहिलं. रडणाऱ्या माणसाला टोमणा कसा मारायचा, हे आरशाने शिकवलं नव्हतं. त्यात रविकिरणच्या डोक्यावर घाईत बांधलेला फेटा कलला. आयुष्य कापडात गेलेल्या माणसाला ते बघवेना. तो वाकून तुरा नीट करायला लागला आणि नेमका तेव्हाच रविकिरणने टेबलावर लावून ठेवलेल्या मोबाइलमध्ये फोटो निघाला. भागवत सरांनी तर सवयीने टाळ्याही वाजवल्या.

शुक्रवारी पहिल्याच पानावर तो फोटो होता. 'लुंबिनीच्या खेळाचा पंचनामा करणाऱ्या लेखणीचा क्रीडाप्रेमींकडून गौरव!'

संघातल्या पोरी दुकानावरून तोंड फिरवून गेल्या. शरणप्पा दिवसभर कापडाच्या गठ्ठ्यांमागे लपून राहिला. संध्याकाळी गुरम्माने रोज मैदानावर न्यायची पिशवी आणि पाण्याची बाटली पुढे ठेवली, तरी तो हलला नाही.

"कोणत्या तोंडानं जाऊ मैदानावर? माझ्यामुळं पोरीचं दुःख डबल झालं की गं," तो म्हणाला. शनिवारीही तो घरीच बसला.

शनिवारी दिवेलागणीला दारात लुंबिनी उभी राहिली.

"मामा, दोन दिवस मैदानावर का न्हाई आलाव?"

"तू कधी गेलतीस?"

"आजच गेलते. तुम्हाला जाब विचारायला. तर तुम्हीच न्हाई! पोरी म्हणल्या, कालबी आले न्हवते."

शरणप्पाने मान खाली घातली. "पेपर बघितलास न्हवं?"

"बघितला की. लई रडले. मग फोटोत तुमचं तोंड नीट बघितलं." तिला हसू फुटलं. "मयतीला आल्यावानी दिसायलाव! मामा, तुम्ही माझं वाईट बघणार न्हाई, हे मला ठाव न्हाई व्हय? कुणी कायबी छापलं म्हणून माणूस घरी बसतंय का?"

बोलली आणि स्वतःच ओशाळली; सोमवारपासून तीही घरीच बसली होती. आतून गुरम्मा म्हणाली, "आता तिनं बी ऐकलं आन् तुम्ही बी ऐकलं. दोघं जेवून घ्या."

लुंबिनी पाटावर टेकली.

"पाय कसा हाय?" शरणप्पाने हळूच विचारलं.

"बरा झालाय. पाच दिवस घरीच व्हते की." तिने भाकरी मोडली. "उद्या निवडीला त्या पेपरवाल्याला बी बोलवा, मामा. एकदा बघू द्या, मी कशी पळते ते."

"येतोय तो. कालपासून चार फोन झाले त्याचे. पुढचा सत्कार कुणाचा, इचारायलाय."

लुंबिनीने घास थांबवला. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत जुनी चमक आली.

"माझा म्हणून सांगा."