भूतमहालातली पंगत

"उघड गं तोंड, माझी बाई," कोकिळेने कितव्यांदा तरी म्हटलं आणि अडीच वर्षांच्या मंदाने ओठ आणखी घट्ट मिटून घेतले. कालच्या दुपारपासून पोरीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. वरण-भात झाला, दूध-पोळी झाली, शेवटी नुसता गुळाचा खडाही पुढे केला. घास ओठांजवळ आला की मंदा तळहात तोंडावर दाबायची आणि डोळे विस्फारून म्हणायची, "ती खाते."

ती म्हणजे हडळ. ही ओळख मुलीच्या वडिलांनी करून दिलेली.

अर्जुनराव मोताळ्याच्या पंचायत समितीत कारकून होते. मेथीची जुडी आणायला मुलीला कडेवर घेऊन बाजारात गेले, ते भूतमहालात शिरले. बैलबाजाराच्या मोकळ्या जागेत पंधरा दिवसांपासून एका फिरत्या कंपनीने काळ्या ताडपत्रीचा हा महाल उभारला होता. भर दुपारी आत मिट्ट अंधार, वळणावळणावर एकेक मिणमिणता दिवा. दारावर पाटी होती: "कच्च्या दिलाच्या इसमांनी आत येऊ नये. जबाबदारी ज्याची त्याची." पाटी वाचून गावातले सगळे इसम आत गेले होते. तीन फेऱ्या न ओरडता पुऱ्या करणाऱ्याने मनगटाला काळा दोरा बांधायचा आणि चहाच्या हॉटेलात पुढच्या बाकावर बसायचं, असा नियम त्यांनी आपसांतच करून टाकला. दोन फेऱ्यांवाला आला की दोरेवाले त्याच्याकडे दयेने बघत. महालात शिरण्याआधी सही करण्याचा कागद अर्जुनरावांनीच तयार करून दिला होता: "मी स्वखुशीने भिण्यास तयार असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही."

कोकिळा बी. ए. होती. दिवसभरात भिण्यासारख्या किती गोष्टी असतात, याचा तिला चांगला हिशेब होता. कठडा नसलेली विहीर, सरपणातला विंचू, न उकळलेलं दूध, झोळीची जुनी दोरी. ज्यांना घरातलं यातलं काहीच दिसत नाही, त्यांनाच ताडपत्रीखाली जाऊन भ्यावं लागतं, असं तिचं मत झालं होतं.

"दवाखान्यात नेलं होतं न?" अर्जुनरावांनी मनगटावरचा दोरा नीट करत विचारलं.

"नेलं. त्यांनी लाल औषध दिलं. ते घ्यायलाही तोंड उघडावं लागतं."

"दोन दिवसांत होईन ठीक. मी तर तिले धीट करासाठी नेलं होतं."

"तुम्ही धीट झालात ना? पुरे झालं."

चुलीपुढून सासू सुभद्राबाई उठल्या. त्यांनी मंदाला कडेवर घेतलं. "दवाखान्याचं काम नाही सूनबाई हे. ज्यानं पोरीले धरलं, त्यालेच इचारा लागते, बाप्पा, तुले काय पाह्यजे? ते देऊन टाकलं का सोडते."

"आत्याबाई, तो ताडपत्रीतला माणूस आहे. लुगडं नेसलेला."

"मंग त बरंच हाये. माणूस लवकर सांगन."

सुभद्राबाई तशाच बैलबाजाराच्या वाटेला लागल्या. लेक सासूच्या कडेवर होती, म्हणून कोकिळाही मागोमाग निघाली.

महालात पहिलं वळण घेताच कोपऱ्यातून हडळ झेपावली. मोकळे केस, तोंडाला राख, उलट्या बांधलेल्या वहाणा. मंदाने आजीच्या मानेत तोंड खुपसलं. सुभद्राबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"थांब! आंधी बोल. कोण तू? कोण्या गावची?"

हडळ थांबली. आजवर तिला कोणी गाव विचारलं नव्हतं. "वडनेर भोलजी," ती पुरुषी आवाजात म्हणाली.

"काऊन धरलं माह्या नातीले? काय पाह्यजे तुले?"

"म्या नाही धरलं वो, माय. मालक सांगते तसं वरडतो. महादेव नाव हाये माहं."

"नावाचं नंतर पाहू. पाह्यजे काय ते बोल!"

मग हडळीने खाली बसून पदराने नाक पुसलं. "भाकर," ती म्हणाली. "ज्वारीची. पंधरा दिस झाले, मालक नुसते फुटाणे देऊन राह्यला."

अर्ध्या तासात भाकर आली, पिठलं आलं, ठेचा आला. हडळीने केस मागे सारून जेवायला सुरुवात केली. आजीच्या मानेतून मंदाने आधी एक डोळा बाहेर काढला, मग दुसरा. त्या भयंकर तोंडात भाकर जाते, हे तिने चार घास बारकाईने पाहिलं. पाचव्या घासाला तिनेच तोंड पुढे केलं. महादेवला घरी दोन पोरी होत्या. त्याने पिठल्यात बुडवून लहानसा तुकडा तिला भरवला. मंदाने तो खाल्ला, आणि आणखी मागितला.

"पाह्यलं?" सुभद्राबाई म्हणाल्या. कोकिळा घास मोजत होती.

संध्याकाळपर्यंत ही बातमी पाणवठ्यावर पोचली. मोताळ्यात न जेवणारी पोरं काही थोडी नव्हती. दुसऱ्या दिवशी सोजराबाई नातवाला घेऊन आल्या, गोजरबाई दोन आणि शेजारचा एक घेऊन आल्या. भुतांनाही वळण लागलं. मुंज्याने गूळ-तूप मागितलं. मुंडकं नसलेल्याने वांग्याचं भरीत सांगितलं आणि सदऱ्याची गुंडी काढून आतूनच खाल्लं. चार दिवसांत महालात दुपारची पंगत बसू लागली. कोकिळाही वाटी झाकून रोज रांगेत उभी राहू लागली, कारण मंदा जेवायची, पण हडळीच्याच हातून.

पंचाईत झाली ती दोरेवाल्यांची.

"काय बे हे!" गुलाबराव हॉटेलात चिडून म्हणाले. त्यांची नववी फेरी होती. "मी आत गेलो त हडळ मले म्हणते, बसा, ताक घेता का? आमच्या भ्याचं काय मंग?"

"दोऱ्याले इज्जतच नाही राह्यली," दुसरा म्हणाला.

अर्जुनरावांनी अर्ज लिहिला. "सदरहू भुते पोटभर जेवत असल्याने समाधानी झाली असून त्यांची भीती वाटेनाशी झाली आहे. सबब योग्य ती कार्यवाही व्हावी." खाली अकरा शूरांच्या सह्या झाल्या. मालकाने अर्ज वाचला, ढेकर देणाऱ्या हडळीकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ताडपत्र्या गुंडाळून सगळी भुतं ट्रकमध्ये भरली. महाल दुसरबीडला गेला.

"चला, घाण गेली!" अर्जुनराव ऑफिसला जाताना म्हणाले.

दुपारी कोकिळेने वरण-भात कालवला. मंदाने दाराकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि तोंडावर तळहात दाबला.

"हडळ गेली गावाला. मी भरवते हं."

मंदाने मान हलवली. चिऊचा घास झाला, काऊचा झाला. सुभद्राबाई मळ्यात गेल्या होत्या, आणि दुसरबीड काही उठून जाण्याच्या अंतरावर नव्हतं. कोकिळेने मुलीच्या उतरलेल्या तोंडाकडे बघितलं. मग चुलीतली मूठभर गार राख घेतली, तोंडाला फासली, अंबाडा सोडला, केस पुढे घेतले, आणि अमरावतीच्या कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळवणाऱ्या गळ्यातून एक लांबलचक किंकाळी काढली.

मंदा खदखदून हसली आणि तिने हा एवढा मोठा आ केला.

नेमकं त्याच वेळी अर्जुनराव जेवायला घरी आले. दारात उभं राहून त्यांनी आत पाहिलं. केसांच्या जाळीतून दोन डोळे त्यांच्याकडे वळले.

"आई वोऽऽ!"

एक चप्पल उंबऱ्यात राहिली आणि दोरेवाला गल्लीतून पार झाला. बाहेर माणसं जमल्याचा आवाज आला.

"काय झालं हो, बाबू?"

"हडळ गेली नाही! माह्या घरात बसून पोरीले चारून राह्यली!"

कोकिळा उठली. दाराला आतून कडी घातली आणि परत येऊन बसली. वाटीत अजून पाच घास होते.